लहान ब्रुअरीला लहान म्हणूनच मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्काची फेररचना केली, तेव्हा भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर वाढवतानाच ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्याधारित मद्याचा एक नवा प्रकार निर्माण केला आणि तो राज्यातील उत्पादकांसाठी राखून ठेवला. या निर्णयाच्या इतर बाजूंवर आपल्या आणि अन्य दैनिकांतून पुष्कळ लिहून आले. मला त्यातले एकच तत्त्व महत्त्वाचे वाटते. स्थानिक उत्पादकाला देशव्यापी कंपनीपेक्षा वेगळ्या मापाने मोजण्यात काही गैर नाही, हे शासनाने त्या निर्णयाने मान्य केले. हेच तत्त्व पुण्या-मुंबईतील लहान, स्वतंत्र मालकीच्या बिअर ब्रुअरींना मात्र अजून लागू झालेले नाही. तसे ते का व्हावे आणि कसे होऊ शकेल, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. किण्वनाची प्रक्रिया हा माझ्या आवडीचा विषय आहे, आणि आपल्याकडे ती इतक्या निगुतीने करणारी तरुण मंडळी तयार झाली आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

महाराष्ट्रातल्या या चळवळीची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये ‘डूलाली’ने येथे बिअर गाळून तिथल्या तिथे ताजी विकायला प्रारंभ केला, त्या वेळी मायक्रोब्रुअरी हा शब्दही बहुतेकांच्या कानावर पडलेला नव्हता आणि परवान्याचा अर्ज कोणत्या रकान्यात बसवायचा हा प्रश्न अर्जदाराइतकाच अधिकाऱ्यांनाही नवा होता. पुढच्या काही वर्षांत मुंढव्यात ‘इंडिपेन्डन्स ब्रूइंग कंपनी’ आली, मुंबई परिसरात ‘गेटवे ब्रूइंग’ने केगमधून, म्हणजे धातूच्या पिंपांतून, हॉटेलांना बिअर पुरवायला सुरुवात केली, पुण्यातच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ उभी राहिली, आणि मध आंबवून मीड हे मद्य बनवणारी ‘मूनशाइन मीडरी’ही याच शहरातून पुढे आली. गोव्यात ‘गोवा ब्रूइंग कंपनी’सारखे प्रयत्न झाले. नावे आणखी बरीच घेता येतील. या सर्वांत समान दुवा असा की बिअर कोणती करायची, किती दिवस टाकीत ठेवायची आणि बिघडलेली खेप ओतून द्यायची की नाही, हे ठरवणारा माणूस त्याच छपराखाली बसलेला असतो.

बिअर गाळणे हे बाहेरून वाटते तितके सोपे काम नाही. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा धान्यातल्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे, पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, झपाट्याने थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. खरी कला येथून पुढे सुरू होते, कारण तापमानातल्या दोन-तीन अंशांच्या फरकाने त्याच रसातून वेगळी चव निघते. आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींत सर्वांत लोकप्रिय असलेल्या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंगेचा आणि पिकलेल्या केळ्याचा जो वास येतो, त्यासाठी लवंग वा केळे कोणी घातलेले नसते. त्या यीस्टच्या चयापचयातून तयार होणाऱ्या दोन वेगवेगळ्या संयुगांचा तो परिणाम असतो, आणि त्यांतले कोणते वरचढ ठरेल हे ब्रुअर तापमानाने व यीस्टच्या मात्रेने ठरवतो. वर्गात फळ्यावर ज्या गोष्टी मी सूत्रांत लिहून दाखवत असे, त्या येथे पेल्यात अनुभवता येतात. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञान या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसते. या शिक्षणाचे चीज होण्याची जागा लहान ब्रुअरी हीच आहे, कारण मोठ्या कारखान्यात एकच चव वर्षानुवर्षे जशीच्या तशी राखणे हे तंत्रज्ञाचे मुख्य काम असते, तर येथे त्याला दर महिन्याला नवे काही करून पाहता येते.

याच प्रक्रियेत लहान उत्पादकाची आर्थिक अडचणही दडलेली आहे. एल प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांवर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर हा दुसरा प्रकार ८ ते १२ अंशांवर सावकाश आंबतो आणि पुढे थंडीत मुरण्यासाठी आणखी काही आठवडे टाकी अडवून ठेवतो. ज्याच्याकडे पाच-सहाच टाक्या आहेत, त्याने लागर करायला घेतली की तेवढ्या वेळात एलच्या दोन खेपा त्याच्या हातून जातात, आणि दरम्यान शीतकरणाचे वीजबिल, जागेचे भाडे आणि परवान्याचे वार्षिक शुल्क चालूच राहते. मोठ्या कारखान्यात एका वेळी लाखो लिटर मुरत असल्यामुळे हा भार प्रत्येक लिटरमागे पैशांत उतरतो. हजार लिटरच्या खेपा काढणाऱ्याकडे तोच भार रुपयांत येतो. हॉप्स बहुतांशी जर्मनी, चेक प्रजासत्ताक किंवा अमेरिकेतून आणावे लागतात, आणि लहान खरेदीदाराला घाऊक दर मिळत नाही. शिवाय मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे यंत्रे, माल्ट, बाटल्या, डबे यांवर भरलेल्या जीएसटीची वजावट ब्रुअरीला मिळत नाही. तो कर खर्चात मुरतो आणि त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर चढतो. परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. ज्यांची बहुतेक विक्री गाळण्याच्या जागीच होते, त्यांना बिअर शॉपीच्या वाटेने हा कर टाळण्याचीही सोय नाही.

समोर स्पर्धक कोण आहेत, हेही पाहिले पाहिजे. भारतातल्या बिअरच्या बाजाराचा फार मोठा हिस्सा तीन बहुराष्ट्रीय समूहांच्या हाती आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, २००९ ते २०१८ या काळात बिअर कंपन्यांनी संगनमत करून अनेक राज्यांत दर ठरवले, असा निष्कर्ष काढून युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी रुपयांचा आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड केला. या संगनमताची माहिती स्वतः आयोगापुढे ठेवणाऱ्या तिसऱ्या समूहाला दंडातून पूर्ण माफी मिळाली. त्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही होता. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा आदेश कायम ठेवला. म्हणजे डूलालीने पुण्यात पहिली खेप काढली, त्याच वर्षापासून पुढची नऊ वर्षे बाजारातले दर काही मोजक्या लोकांच्या आपसांतल्या बोलण्यावर ठरत होते, असे या आदेशावरून दिसते. अशा बाजारात उभे राहून एकेक ग्राहक जोडत गेलेल्या लहान ब्रुअरींचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. त्यातच मद्याच्या जाहिरातीवर बंदी आहे. ती असायलाच हवी, असे माझेही मत आहे. परंतु मोठी कंपनी त्याच नावाचा सोडा किंवा संगीताचा कार्यक्रम पुढे करून आपले नाव घराघरांत पोहोचवते, आणि खरोखर केवळ बिअरच गाळणाऱ्याला ती पळवाटही उपलब्ध नसते.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली उत्पादनाच्या प्रमाणानुसार शुल्काचे टप्पे लागू झाले. वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत बिअर करणाऱ्याला निम्मेच शुल्क द्यावे लागे, आणि त्यापुढे उत्पादन वाढेल तशी सवलत कमी होत जाई. त्या वेळी तेथील ब्रुअरींची संख्या पाचशेच्या आसपास होती. दीड दशकात ती दोन हजारांच्या घरात गेली. २०२३ मध्ये ही योजना सुधारण्यात आली, पण लहानांना कमी शुल्क हे तत्त्व राहिले. युरोपीय संघाचा १९९२ चा निर्देश सदस्य देशांना वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपर्यंतच्या स्वतंत्र ब्रुअरींसाठी शुल्क निम्म्यापर्यंत उतरवण्याची मुभा देतो. अमेरिकेने १९७६ मध्येच लहान ब्रुअरींचा शुल्कदर कमी केला, आणि त्या दशकाच्या अखेरीस शंभराच्याही आत आलेली तेथील ब्रुअरींची संख्या आज नऊ हजारांच्या वर आहे. अर्थात ही वाढ एकट्या शुल्कसवलतीने झाली, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली चार मित्रांनी सुरू केलेल्या आणि पुढे देशव्यापी झालेल्या ग्राहकांच्या चळवळीचा वाटा तेथे फार मोठा आहे. तरीही शुल्काचे टप्पे नसते, तर ग्राहकांच्या त्या प्रेमाला पुरेसे उत्पादकच मिळाले नसते.

परदेशाची उदाहरणे नको असतील, तर नाशिककडे पाहावे. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारले. त्या धोरणाच्या जोरावर नाशिक हे देशाच्या वाइनचे केंद्र झाले, द्राक्ष बागायतदाराला दुसरी बाजारपेठ मिळाली, आणि द्राक्षमळा पाहायला जाणे हा पर्यटनाचा एक रीतसर प्रकार झाला. वाइनच्या बाबतीत जे पटले, ते बिअरच्या बाबतीत का पटू नये? यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की द्राक्ष आपल्या शेतकऱ्याचे, बार्ली मात्र राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातली. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला तितकेच गंभीर उत्तर द्यायला हवे.

बिअर केवळ बार्लीचीच असावी, असा निसर्गाचा नियम नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील ब्रुअरी ज्वारीकडे वळल्या आणि आजही तेथील बिअर उद्योगात ज्वारीला मोठे स्थान आहे. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातली मालदांडी ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. ज्वारीत पिष्टाची साखर करणारी विकरे बार्लीपेक्षा कमी असतात आणि तिचे पिष्ट जास्त तापमानाला फुलते, त्यामुळे ती काही प्रमाणात बार्लीबरोबर वापरणे किंवा स्वतंत्र तंत्र विकसित करणे आवश्यक ठरते. पण ही अडचण न सुटणारी मुळीच नाही. नाचणीचे तर उलट आहे. मोड आणलेली नाचणी वाळवून, दळून लेकरांना सत्त्व भरवणाऱ्या आपल्या आया-आज्या माल्टिंगच करीत आल्या आहेत, आणि नाचणीच्या मोडांत साखर करण्याची क्षमता उत्तम असते हे प्रयोगशाळेतही सिद्ध झालेले आहे. आजरा घनसाळ तांदूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, हापूस, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापूरचा गूळ हे सारे बिअरमध्ये चवीने वापरता येण्याजोगे पदार्थ आहेत, आणि राज्यातले लहान ब्रुअर फळे, मसाले व भरडधान्ये घेऊन असे प्रयोग करीतच असतात. मोठ्या कारखान्याला पाचशे किलो कोकम किंवा दोन टन ज्वारी घेऊन काय करावे हे कळणार नाही, कारण त्याच्या टाकीत तेवढ्याचा मागमूसही लागणार नाही. लहान ब्रुअरीला मात्र तेवढाच माल एका हंगामासाठी पुरतो, आणि तो ती थेट शेतकऱ्याकडून किंवा त्याच्या उत्पादक कंपनीकडून घेऊ शकते. म्हणून माझी सूचना अशी की शुल्काच्या टप्प्यांना स्थानिक धान्याची जोड द्यावी: ज्या बिअरमध्ये राज्यात पिकलेल्या धान्याचा किंवा फळांचा ठरावीक वाटा असेल, तिला अधिकची सवलत मिळावी. शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा उरतो, तोही गोठ्यांत जनावरांचे खाद्य म्हणून चालतो, त्यामुळे शहराच्या कडेच्या दूध उत्पादकालाही त्याचा उपयोग आहे.

पाण्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता, आणि तो रास्त होता. एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी लागते, आणि लहान ब्रुअरी या बाबतीत अत्याधुनिक कारखान्यांपेक्षा मागेच असतात. सवलत द्यायची तर सांडपाण्यावर प्रक्रिया आणि धुण्याच्या पाण्याचा पुनर्वापर या अटी तिला जोडाव्यात. चांगल्या ब्रुअरला त्या जाचक वाटणार नाहीत.

आता सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो. मद्याने घरे उद्ध्वस्त होतात, हे खोटे नाही. गडचिरोलीत दारूबंदीसाठी स्त्रियांनी दिलेला लढा आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि मुंबईतल्या मालवणी वस्तीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ही जखम विसरण्यासारखी नाही. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यातल्या पब आणि परमिट रूमवर झालेल्या कारवाईचे मी स्वागत केले होते. बिअरसाठी २१ वर्षे पूर्ण असण्याची कायदेशीर अट दारातच, ओळखपत्र पाहून, निरपवादपणे पाळली गेली पाहिजे, आणि जो ती मोडील त्याचा परवाना जावा, मग तो कितीही गुणी ब्रुअर असो. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ लागावे, असे या पत्रातून मला मुळीच सुचवायचे नाही. पण जे पितात त्यांनी काय आणि कसे प्यावे, यावर धोरणाचा परिणाम होतो. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश ‘स्ट्राँग’ असते, कारण कमी पैशांत अधिक नशा हाच तिच्या खरेदीचा हिशेब असतो. लहान ब्रुअरीची बिअर बहुतेक वेळा त्याहून सौम्य असते, महाग असते, जेवणाबरोबर सावकाश घेतली जाते, आणि ती ताजी असल्याने साठवून ठेवण्याच्या उपयोगाची नसते. चवीसाठी पैसे मोजणारा ग्राहक एका पेल्यावर थांबण्याची शक्यता अधिक, असे माझे निरीक्षण आहे.

स्वतंत्र या शब्दावर मी भर देतो, त्यालाही कारण आहे. शिकागोची ‘गूस आयलंड’ ही नावाजलेली ब्रुअरी २०११ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेतली. नाव आणि बोधचिन्ह तेच राहिले, मालकी मात्र बदलली. त्यानंतर अमेरिकेतल्या ब्रुअरींच्या संघटनेने २०१७ मध्ये स्वतंत्र मालकी दर्शवणारे एक चिन्ह बाटल्यांसाठी तयार केले. बाहेरच्या मद्य कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत असावा, अशी त्या संघटनेची अट आहे. आपल्याकडेही सवलतीचा कायदा करताना मालकीची अशी स्पष्ट व्याख्या पहिल्याच दिवशी हवी, नाहीतर मोठ्या कंपन्या लहान नावाच्या उपकंपन्या काढून सवलतीचा सारा लाभ उचलतील. ग्राहकांनीही पेला मागवताना ही बिअर कोणी गाळली आणि ती ब्रुअरी कोणाची, एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. हॉटेलमालक ग्राहकाच्या प्रश्नांना फार लवकर प्रतिसाद देतात.

शुल्काच्या टप्प्यांखेरीज दोन लहान गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, लेबल नोंदणीचे शुल्क. बाटलीत किंवा डब्यात भरलेल्या प्रत्येक प्रकारच्या बिअरसाठी ते स्वतंत्र भरावे लागत असल्याने, वर्षाला एकच प्रकार लाखो पेट्या विकणाऱ्याला ते जाणवत नाही आणि दर हंगामात नवा प्रकार थोडासाच करणाऱ्याला ते परवडत नाही. ठरावीक लिटरखालील हंगामी बिअरसाठी ते नाममात्र करावे. दुसरी गोष्ट २०२० च्या टाळेबंदीने शिकवली. त्या वेळी देशभरातील मायक्रोब्रुअरींच्या टाक्यांत बिअर पडून राहिली, गुरुग्रामसारख्या ठिकाणी ती गटारात ओतावी लागली, आणि महाराष्ट्र शासनाने ताजी बिअर बंद बाटलीत भरून घरी नेऊ देण्याची मुभा दिली, तेव्हा अनेक ब्रुअरींना थोडाफार आधार मिळाला. ही सोय संकटकाळापुरती न ठेवता वयाची खात्री, भरल्याची तारीख आणि प्रमाणाची मर्यादा या अटींवर नियमांत कायमची समाविष्ट करावी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बिअरवरील शुल्काचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न घटलेल्या महसुलाचा होता, आणि त्यावर तेव्हा बरीच थट्टाही झाली. आता अशी समिती पुन्हा बसेल तेव्हा लहान ब्रुअरींचा एक प्रतिनिधी, भरडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक प्रतिनिधी आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारी एक व्यक्ती तिच्यावर घ्यावी, आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा. उत्पादन शुल्क मंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात यावर आपली भूमिका मांडावी, अशी माझी विनंती आहे, आणि आपल्या दैनिकाने त्यांना हा प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
एक वाचक, पुणे